पहिली पाळी

आमच्या घरात पाळी म्हणजे कंपनीची पाळी. त्या शब्दाला दुसराही अर्थ असतो हे मला तेराव्या-चौदाव्या वर्षी कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं ती रीत वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. आबा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होते. त्यांच्यामागून माझा थोरला भाऊ, दादा, तिथंच लागला. आमचं गाव चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून थोडं आत. शेती होती, दोन म्हशी होत्या, पण घराची घडी बसवली होती ती कंपनीनं. गुरुवारी सुट्टी आणि शुक्रवारपासून पाळी बदलायची. पहिली पाळी असली की घर पहाटेच जागं व्हायचं. स्टोव्हचा आवाज, भाकरी थापल्याचा आवाज, डब्याच्या कड्यांची खटखट आणि मग फाट्यावरून कंपनीच्या बसचा लांबलेला हॉर्न. दुसरी पाळी असली की दादा सकाळभर घरात, जेवून दुपारी जायचा, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर परत यायचा तो कुणाची झोप मोडायला नको म्हणून ओसरीवरच घोंगडी टाकून आडवा व्हायचा. रातपाळीच्या आठवड्यात तर दिवसा घरात शुकशुकाट. दादा आतल्या खोलीत झोपलेला, म्हणून पाटा-वरवंटा बंद, रेडिओ बंद, कोंबड्या परसात हाकललेल्या. आईला माझ्यावर रागवायचं असलं तरी ती कुजबुजत रागवायची, आणि कुजबुजत दिलेल्या शिव्या ऐकून मला हसू यायचं, की ती आणखी चिडायची.

बायकांचं जे असतं, त्याला आमच्याकडे धड नावच नव्हतं. शेजारपाजारच्या बायका ‘कावळा शिवला’ म्हणायच्या, ‘बाहेर बसली’ म्हणायच्या. आई नुसतं ‘अडचण हाय’ म्हणायची आणि तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून. मला वाटायचं अडचण म्हणजे घरात जागा कमी पडते, म्हणून बायकांना अधूनमधून परसदारी बसवतात. आता हे सांगितलं तर माझ्या सासरच्या भाचरांना खोटं वाटतं. वाटू दे.

वहिनी आमच्याकडे आली ती जुन्नरकडच्या डोंगरातल्या एका गावातून. नाव कमल. अंगानं बारीक, उंचीला माझ्याहून जेमतेम चार बोटं जास्त, आणि हसायला लागली की पदराचा बोळा तोंडात कोंबल्याशिवाय थांबायची नाही. मी शाळकरी पोर, वेण्यांना रिबिनी बांधणारी, पण ती मला रीतीप्रमाणे ‘वन्सं’ म्हणायची. “वन्सं, जरा पानी आना, वन्सं, जरा शेंबूड पुसा,” असं तिचं चालायचं. तिच्या हातच्या मासवड्या सगळ्या गावाला माहीत झाल्या होत्या. बेसन घोटून ते ओल्या फडक्यावर थापायची, त्यात तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून गुंडाळी करायची आणि सुरीनं अशा वड्या पाडायची की आबांसारखा माणूस, जो आयुष्यात कधी जेवणाला चांगलं म्हणाला नव्हता, तो रस्सा दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. दादा कंपनीत मासवड्यांचा डबा घेऊन गेला की रिकाम्या डब्यातून मित्रांच्या फर्माइशी परत यायच्या. ती आल्यावर आमच्या घरात पहिल्यांदा लोक मोठ्यानं हसायला लागले, असं मला आजही वाटतं.

मग रुपी झाली, माझी भाची. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात, पोट फाडून. त्यात काहीतरी बिघडलं. पिशवीला वेडीवाकडी इजा झाली, रक्त फार गेलं, दादाच्या पाळीतल्या दोघा-तिघांनी येऊन रक्त दिलं. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला आणि दादाला समोर उभं करून बजावलं की पिशवीला टाके आहेत, निदान तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत, गेले तर पिशवी तग धरणार नाही आणि हिच्या जिवावर बेतेल. दादानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा कितीतरी दिवस उतरलेला होता. आईनंही ऐकलं. पण घरी आल्यावर शेजारणीला सांगताना तिच्या तोंडी ते ‘डॉक्टर लोकांना भीती घालायची सवयच असती’ असं झालं. आई वाईट नव्हती हे इथंच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल. तिची स्वतःची चार लेकरं गेलेली होती, तेव्हा कुठं दादा आणि मी उरलो. मूल होणं थांबवायचं असतं हा विचारच तिच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. वर घरात नातू नव्हता. ती रोज तसं म्हणायची नाही, पण रुपीला मांडीवर घेऊन ‘तुझ्या पाठीवर भाऊ येऊ दे’ असं गाणं मात्र लांबवून म्हणायची.

आमच्या उपकेंद्राला एक नर्सबाई होत्या, कोकणातल्या. शुद्ध बोलायच्या, पायी हिंडायच्या, आणि त्यांच्या पिशवीत काय असतं हे सगळ्या गावाला ठाऊक असल्यामुळे पुरुषमाणसं त्यांना बघून रस्ता बदलायची. रुपी दीड वर्षाची झाली तेव्हा त्या एकदा दुपारी आमच्या ओट्यावर वहिनीजवळ येऊन बसल्या. आई आत डाळ भरडत होती. जात्याचा आवाज चालू होता तोवर नर्सबाई हळू आवाजात बोलायच्या, जातं थांबलं की रुपीच्या डोसाबद्दल बोलायला लागायच्या. मी रुपीला खेळवायच्या निमित्तानं तिथंच होते. मला कुणी हाकललं नाही, कारण मला काही कळतं असं कुणाला वाटत नव्हतं, आणि ते खरंही होतं.

त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं, तर वहिनीनं नुसती मान हलवली. मुलगा झाल्याशिवाय त्या गोष्टीचं नाव काढणंही आमच्या घरात शक्य नव्हतं. तांबीचं सांगितलं. वहिनीच्या माहेरी कुणीतरी सांगितलं होतं की तांबी वर चढते आणि काळजाला टोचते. नर्सबाईंनी समजावलं की पिशवीतून काळजाकडे वाटच नाही, पण ती भीती एका दुपारीत जाणारी नव्हती. मग निरोध. यावर वहिनी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायलाच लागली. दादाची तयारी होती, असं तिनं पुढं मला, मी मोठी झाले असं धरून, सांगितलं, पण गावातल्या मेडिकलवाल्याशी आमचं मामेनातं होतं. आणि नर्सबाईंनी फुकट दिले तरी ते ठेवायचे कुठं? घरात आईची नजर, आणि खिशात ठेवावे तर कंपनीच्या गेटवर सुटताना रांगेत सगळ्यांसमोर खिशांची झडती. एकदा एकाच्या खिशात ते सापडलं होतं, तर वर्षभर त्या माणसाला त्याच नावानं हाक मारत होते. म्हणून मग राहिल्या गोळ्या.

नर्सबाईंनी पाकीट वहिनीच्या हातात ठेवलं. जातं थांबतंय की काय म्हणून त्या घाईनं बोलल्या. “पहिली पाळी आली की सुरू करायच्या. रोज एक पांढरी. पाळीच्या दिवसांत ह्या तपकिरी, त्या नुसत्या ताकदीच्या. आणि पाळी चुकली तर लगेच माझ्याकडे यायचं. कळलं?”

वहिनी म्हणाली, कळलं. तिला खरंच कळलं होतं, म्हणजे तिच्या अर्थानं. दादाला त्या आठवड्यात रातपाळी होती. शुक्रवारी पहिली पाळी आली आणि तिनं गोळ्या सुरू केल्या. पहिल्या पाळीचा आठवडाभर रोज एक पांढरी, कारण तेव्हा दादा रात्री घरात असायचा. दुसऱ्या पाळीत तो ओसरीवर झोपणार, म्हणून तपकिरी, ताकदीच्या. रातपाळीत तर माणूसच घरी नाही, मग औषध कशाला? ताप नसताना तापाची गोळी कुणी खातं का? पांढऱ्या गोळ्यांनी तिला मळमळायचंही, तेव्हा मधले दोन आठवडे तिला बरे वाटायचे. पाकिटात पांढऱ्या उरायच्या. नर्सबाई चुकून जास्त देतात असं तिचं मत होतं. दुसऱ्यांदा त्या पाकीट द्यायला आल्या तेव्हा तिनं ‘हायेत अजून’ म्हणून परत केलं, आणि एवढ्याशा पोरीनं सरकारचं औषध वाचवलं म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. रुपी अजून अंगावर पीत होती, त्यामुळे तिची अडचण कधी यायची, कधी यायची नाही, आणि त्याकडे कुणी लक्ष द्यावं असं काही त्यात नव्हतं.

हे सगळं मला ती सांगायची, कारण तिला सांगायला दुसरं कुणी नव्हतं. तांदळाच्या कणगीमागं पाकीट ठेवलेलं असायचं आणि आई न्हाणीत गेली की मी दारात उभी राहायची. गोळी घेताना ती मला डोळा मारायची. मला ते सगळं चोरून चिंचा खाण्यासारखं वाटायचं.

चैत्रात गावची जत्रा असते. त्या वर्षी जत्रा नेमकी दादाच्या रातपाळीच्या आठवड्यात आली. दिवसभर बैलगाड्यांच्या शर्यती, संध्याकाळी पाहुण्यांच्या पंगती, वहिनीनं परातभर मासवड्या केलेल्या. जायची वेळ झाली तरी दादा पाहुण्यांमध्ये बसून राहिला. आईनं दोनदा विचारलं, आबांनी घड्याळाकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, “आज खाडा करतो. वर्षातनं एकदा जत्रा येती.” त्याच्या सगळ्या नोकरीत त्यानं तोवर खाडा केलेला नव्हता, म्हणून सगळे हसले आणि वहिनी आतल्या खोलीत जाऊन उगाच भांडी लावत बसली. तिच्या डोक्यात नवीन गजरा होता, तो दादानंच शर्यतीच्या माळावरून आणला होता. तशी ती मला पुष्कळदा आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, वन्सं, माझ्याबरोबर दवाखान्यात चला. रुपीला सर्दी झालीय असं आईला सांगितलं. दवाखान्यात नर्सबाई नव्हत्या, त्या तालुक्याला कसल्याशा शिक्षणाला गेल्या होत्या. तिथं झाडलोट आणि केसपेपर बघणाऱ्या एक मावशी होत्या, आपल्याच भागातल्या, पण इतकी वर्षं नर्सबाईंबरोबर राहून त्यांचेच शब्द वापरणाऱ्या. वहिनी त्यांच्या अगदी जवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “बाई म्हणाल्या व्हत्या, पाळी चुकली की ये.”

“कधी चुकली?” मावशींनी विचारलं.

“कालच.”

मावशी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, माहेरच्या बाईनं हसावं तशा हसल्या. “आगं येडे, एका दिसानं काय व्हतंय? एक दिस मागंपुढं चालायचंच. आठ-धा दिस वाट बघ, आपली आपन येती का न्हाई बघ.”

वहिनीचा सगळा भार उतरला. येणारच होती की, त्याच रात्री येणार होती, दादा डबा घेऊन कंपनीच्या बसनं जाणारच होता. परत येताना तिनं उठत चाललेल्या जत्रेतून गुळाच्या पाकातली गुडीशेव घेतली, आम्ही दोघी ओढ्याच्या बांधावर बसलो आणि रुपीला मध्ये घेऊन सगळी पुडी संपवली. पाण्यात पाय सोडून ती तिच्या डोंगरातल्या जत्रेच्या गोष्टी सांगत होती. माझ्या लहानपणातला सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मला तोच सांगावा लागतो, आणि तोच सांगायला जीभ रेटत नाही.

पुढचं सावकाश होत गेलं. तिला मळमळायचं, पण गोळ्यांनी मळमळतंच. नर्सबाई मधल्या काळात स्वतःच्या आईच्या आजारपणासाठी लांबच्या रजेवर कोकणात गेल्या. वहिनीचं अंग आधीच बारीक, लुगड्याच्या निऱ्यांत काही दिसलंही नाही. पहिल्यांदा आईलाच शंका आली. तिला आनंद लपवता येईना, पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं ती वरवर कितीही झटकत असली तरी ते कुठंतरी आत बसलेलं होतं. ती कुणाला न सांगता वहिनीला घेऊन पिंपरीला निघाली आणि रुपीला सांभाळायला मला बरोबर घेतलं.

त्या दवाखान्यात एका टेबलाभोवती मोठ्या डॉक्टरीणबाई आणि शिकाऊ पोरंपोरी उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, “शेवटची पाळी कधी आली होती?”

वहिनी म्हणाली, “आता दुसरी चालू हाय.”

“दुसरी म्हणजे?”

“शुक्रवारी बदलली. पुढच्या शुक्रवारी रातपाळी.”

शिकाऊ पोरं हसली. एक पोरगी तर तोंडावर हात दाबून वळून उभी राहिली. सगळे हसतात म्हणून वहिनीही हसली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, वहिनीला स्टुलावर बसवलं आणि अगदी साध्या शब्दांत एकेक विचारत गेल्या. गोळ्या कधी घेतल्या, कशा घेतल्या, कधी थांबवल्या. वहिनीनं सगळं सांगितलं, पहिली पाळी, दुसरी पाळी, तपकिरी, पांढरी, उरलेल्या, परत केलेल्या. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. गोळ्यांची गोष्ट आईला तिथं पहिल्यांदा कळली. आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला. डॉक्टरीणबाई तो वहिनीला समजावत होत्या आणि मी रुपीला कडेवर घेऊन दारात उभी होते. अशा गोळ्या घेणं आणि न घेणं सारखंच, असं त्या म्हणाल्या. एकही रात्र त्या गोळ्यांनी राखली नसती. चार महिने उलटून गेले होते. आता पाडणंही धोक्याचं आणि ठेवणंही धोक्याचं. आठवा लागला की इथं येऊन राहायचं, तोवर जड काही उचलायचं नाही, आणि जरा जरी दुखलं तरी घरी थांबायचं नाही.

बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्यावर येऊन उभ्या राहिलो. मला वाटलं आता गोळ्यांवरून ती वहिनीचा उद्धार करणार. पण ती म्हणाली, “येडे, मला तरी इचारायचंस गं.”

“आत्याबाई,” वहिनी म्हणाली, “काय इचारायचं? पाळी काय मला म्हाईत न्हाई?”

आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबूनही तिला थांबता येईना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कधी हसण्याचं होतं आणि कधी दुसरं झालं हे आम्हाला कळलं नाही. आईनं तिला जवळ ओढलं. माझ्या आईनं कुणाला असं भर रस्त्यात जवळ घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आईनं तिला घागर उचलू दिली नाही, पीठ मळू दिलं नाही. पहाटेचा डबा आई करायची. तिच्या भाकरी जाड व्हायच्या आणि दादा मुकाट्यानं खायचा. नातवाचं गाणं तिनं बंद केलं. मासवड्या करायला वहिनी खाटेवर बसून मला शिकवायची, माझी गुंडाळी फाटायची, सारण रश्शात पसरायचं आणि ती म्हणायची, वन्सं, तुमच्या सासूला माझं नाव सांगू नका. आम्ही सगळे दिवस मोजत होतो. आठवा लागायला थोडेच दिवस उरले होते आणि दवाखान्यात न्यायची तिची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती.

सकाळची वेळ होती. दादा पहिल्या पाळीला गेलेला. वहिनी उन्हात बसून लसूण सोलत होती. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. पुढं तिला बोलवेना. शेजारच्यांची जीप होती, तिच्यात तिला घातलं, आई पुढं, मी मागं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. आबांनी कंपनीत निरोप धाडायला एकाला मोटारसायकलवर पुढं पिटाळलं. मोशीपर्यंत ती शुद्धीवर होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मध्येच तिनं विचारलं, ह्यांची पाळी सुटली का. सकाळचे दहाही वाजले नव्हते. मी म्हटलं, सुटली, दादा येतोय. तिनं मान हलवली. भोसरीत आम्ही वळलो तेव्हा दादा कंपनीच्या कपड्यांतच रस्त्याच्या कडेला उभा होता, हाताला तेल, एका हातात तिचाच पाठवलेला डबा. जीप थांबली, तो मागं चढला, आणि मला काही बोलावं लागलं नाही.

तेराव्यानंतर नर्सबाई आल्या. रजेवरून त्या नुकत्याच परतल्या होत्या. ओट्यावर त्याच जागी बसल्या आणि मला म्हणाल्या, मी तिला नीट सांगितलं होतं गो. मी म्हटलं, हो, नीट सांगितलं होतं. मग वहिनीला काय कळलं होतं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग तुमच्याकडे काय म्हणतात? मी भिंतीकडे तोंड न करता सांगितलं. तेव्हापासून मी त्या गोष्टीबद्दल बोलताना कधीही आवाज उतरवलेला नाही, आणि त्यापायी सासरी आणि नोकरीत माझ्याबद्दल जे काय बोललं गेलं ते मी बोलू दिलं.

दादानं दुसरं लग्न केलं नाही. आईनं पाय धरले, मामानं मुली आणल्या, तो बधला नाही. उलट कंपनीत अर्ज करून त्यानं कायमची रातपाळी मागून घेतली. दिवसा रुपीजवळ कुणीतरी हवं म्हणून, असं सगळे म्हणायचे, मीही तसंच समजत होते. रुपीला शाळेत सोडायला, वेण्या घालायला, तिच्या बाहुलीची लग्नं लावायला तो दिवसा घरात असायचा. निवृत्त होईपर्यंत त्यानं पाळी बदलली नाही. डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी काय झालं ते त्याला माहीत नाही, असं मी धरून चालले होते. आई कधी बोलली नाही आणि मीही नाही, कारण सांगायचं झालं तर जत्रेची रात्रही सांगावी लागली असती. आईबरोबर ती गोष्ट गेली आणि माझ्याबरोबर जाईल, असं मी ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात मी रुपीकडे गेले होते, पिंपळे सौदागरला. दादा आता तिच्याकडेच असतो. ती हिंजवडीला नोकरीला, नवराही तिथंच. सकाळी डोसे घालताना तिनं मला सांगितलं, “आत्या, मी तांबी बसवून घेतली. आता पाच वर्षं बघायला नको.” दातात सिमेंट भरून घेतल्याचं सांगावं तसं सांगितलं. दादा तिथंच पेपर वाचत होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो म्हणाला, बरं केलंस बाळा. मग खाली कंपनीची गाडी आली, ती पर्स घेऊन पळाली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

“तिची आईबी तशीच हसत सांगत व्हती,” दादा म्हणाला.

मी विचारलं, कोण, कधी?

“कमल. पिंपरीहून आला ना तुमी, त्याच दिशी. पाळी म्हंजी काय ते तिनंच मला सांगितलं. म्हणली, तुमच्या कंपनीनं फसवलं मला.” तो पेपरची घडी घालत राहिला. “मग म्हणली, जत्रंच्या रातीचंच हाय हे.”

मी घाईघाईनं त्याला डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. तशा गोळ्यांनी एकही रात्र राखली नसती, ती रात्र असो की दुसरी, हे त्या स्वतः म्हणाल्या होत्या, मी ऐकलं होतं. इतकी वर्षं त्याला ऐकवायची राहिलेली तीच एक गोष्ट माझ्याजवळ होती. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, लहान पोराचं ऐकावं तशी.

“आसंल,” तो म्हणाला. “पर त्या रातीला मी कामावर गेलो न्हाई, शकू. म्हणून पुढं एकबी रात चुकवली न्हाई.”